रविवारच्या फेऱ्या

बॅजर फ्लॅट धरणाचं पाणी केंद्र सरकारचं. त्या पाण्यातला मासा राज्य सरकारचा. आणि त्या माशामागे गळ टाकून बसलेला माणूस, त्याची बायको, पोरं, तंबू, कचरा आणि त्यांनी तुंबवलेला संडास, हे सगळं काउंटीचं. साठ वर्षांपूर्वी तसा रीतसर करार झाला होता. धरण बांधलं खालच्या बीट आणि गव्हाच्या शेतांसाठी, पण पाणी दिसलं की माणसं येणारच. त्या माणसांची सोय बघायला केंद्राच्या पाणी-खात्याकडे ना माणूस ना मन, म्हणून त्यांनी ती काउंटीच्या गळ्यात मारली. काउंटीनं अकरा वर्षांपूर्वी ती अर्लिस टूमीच्या गळ्यात मारली, आणि अर्लिसनं ती हारासारखी घालून घेतली.

अर्लिस तेव्हा बावन्नची होती. तिचा नवरा रॉयस नुकताच गेला होता. वर नाही, नेवाडाला. जाताना शिकारी कुत्री घेऊन गेला आणि बायकोला विसरला, असं गावात म्हणत. तिला राहायला जागा हवी होती आणि काउंटीला राखणदार. बोटी उतरवायच्या धक्क्याजवळ एक लांबट पत्र्याचं घर होतं. त्यात राहायचं, संडास धुवायचे, कचरा उचलायचा, आणि शेतांना पाणी सुटून तलाव आटू लागला की लाकडी तराफा रोज थोडाथोडा पाण्यामागे खाली सरकवत न्यायचा. भांडणाऱ्या तंबूवाल्यांना समजवायचं, बुडणाऱ्याला दोर फेकायचा. हे सगळं ती मनापासून करायची. जून ते सप्टेंबर तिला नावानं हाक मारणारी तीन-चारशे माणसं असत, आणि खरं सांगायचं तर तीही त्यातल्या बहुतेकांना जागेच्या आकड्यानंच ओळखे. सात नंबरचा घोरतो. एकवीस नंबरची रडते. चौदा नंबरची लोणच्यातली अंडी आणते आणि पत्त्यांत सगळ्यांना लुटते.

ऑक्टोबरच्या मध्याला तंबूंची जागा बंद व्हायची, आणि मग उरायचा तो वारा. माँटानातला वारा काही वर्णन करण्यासारखा नाही. तो असतो आणि थांबत नाही, एवढंच. करारात एक ओळ होती की धक्का आणि रस्ता बारा महिने उघडा ठेवायचा. म्हणून फाटक उघडं, रस्ता उघडा, आणि येणारं कुणी नाही. बर्फावर मासेमारी करणारे उत्तरेच्या मोठ्या तलावावर जात. इथला बर्फ वाऱ्यानं भेगाळलेला, त्यावर कोण येतंय मरायला?

तर हिवाळ्यात अर्लिस काय करायची? दुपारी जेवण झालं की पिकअप काढायची आणि दोन मैल गाडी हाकत फाटकापर्यंत जायची. फाटकाबाहेर डांबरी रस्त्यावर थांबायची, उजवीकडे बघायची, डावीकडे बघायची. मग गाडी वळवून परत. घरी आल्यावर धान्य-दुकानाच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात फुली मारायची आणि बारीक अक्षरात लिहायची. ‘कुणी नाही.’ ‘कुणी नाही.’ ‘दोन हरणं.’ ‘टपालगाडी, हात केला.’ ‘टपालगाडी, त्यानंही केला.’ कुणी यायचं नाही हे तिला माहीत होतं. तरी जायची. एकटं माणूस असंच वागतं, त्यात शहाणपणा शोधू नये.

रविवारी मात्र जायची नाही. रविवारची तिला सुट्टी होती. दुसऱ्या वर्षी काउंटीच्या वकिलाला शोध लागला की ही बाई सातही दिवस राबते आणि उद्या दावा ठोकेल. त्यानं हुकूम काढला. रविवारी राखणदारानं कामाला हात लावायचा नाही, आणि तशी पाटी लावायची. पाटी अर्लिसनंच रंगवली. फाटकातून आत शिरल्यावर लगेच उजवीकडे गाडी उभी करायला जागा आहे, जिथून सगळा तलाव दिसतो, तिथं ती ठोकली. ‘ऑक्टोबर ते मे रविवारी राखणदाराची सुट्टी. तातडीचं काम नसल्यास पुढे जाऊन त्रास देऊ नये.’ अक्षर झकास आलं होतं. त्रास द्यायला कुणी येणार नाही हे ठाऊक असूनही तिनं त्याला दोन हात वॉर्निश मारलं. रविवारी ती घरात बसून राही, कारण रविवार सुट्टीचा होता आणि अर्लिस नियमाची पक्की होती.

मग काउंटीनं हात झटकले. परवडत नाही म्हणाले, एकतीस डिसेंबरला करार संपतोय, आम्ही तो पुन्हा करत नाही. पाणी-खात्यात अशा नऊ तलावांची जबाबदारी असलेला एक मर्विन प्रोब्स्ट नावाचा माणूस होता. पोट सुटलेला, सदा सर्दी झालेला, स्वभावानं गरीब. त्यानं अर्लिसला फोन केला.

“अर्लिस, वाईट बातमी आहे.”

“तुझी कधी चांगली असते रे?”

“काउंटी गेली. आता दुसरं कुणी घेणारं मिळालं तर ठीक, नाहीतर एक जानेवारीला फाटकाला कुलूप.”

“आणि तुमचं खातं? धरण कुणाचं? माझ्या बापाचं?”

“आमचं काम पाणी साठवणं आणि सोडणं. कायद्यानं आम्ही माणसं सांभाळू शकत नाही. माणसं सांभाळायला आम्हाला भागीदार लागतो.”

“साठ वर्षं माणसं येतायत, आणि तुम्हाला अजून कळलं नाही कुणाची ते.”

मर्विननं नाक पुसलं असावं. तो म्हणाला, “राज्याच्या उद्यान-खात्यातून एक बाई येतेय. तिच्याशी नीट बोल. तेवढीच आशा आहे.”

अर्लिसनं फोन ठेवला आणि घराकडे नजर टाकली. आठ पावलं रुंद, बावीस पावलं लांब. दुसरं घर तिला नव्हतं. बिलिंग्ज शहरात बहीण होती, डोरीन. तिच्याकडे एक खोली होती, त्यात शिवणयंत्र, व्यायामाचं यंत्र आणि मांजराची पेटी. डोरीन गेली अकरा वर्षं म्हणत होती, “त्या डबक्याकाठी मरशील आणि वसंतात सापडशील.” आता तिच्या दारात पेटी घेऊन उभं राहायचं, आणि ‘म्हटलं नव्हतं?’ हे रोज नाश्त्याबरोबर खायचं. त्या खोलीपेक्षा खिडकीबाहेरचं पाणी गेलं तर आपण काय बघायचं, याचीच अर्लिसला जास्त भीती वाटली.

उद्यान-खात्याची बाई नोव्हेंबरच्या शेवटी मर्विनसोबत आली. लिनेट हॉफर तिचं नाव. पन्नाशीच्या आतली, चटपटीत, बूट कामाचे. अर्लिसला ती आवडली, आणि आपण तिला आवडावं असं तिला इतकं वाटलं की केकचा सगळ्यात मोठा तुकडा तिनं लिनेटला वाढला.

लिनेटनं टेबलावर कागद पसरले. “बाई, मी खरं सांगते. मी इथं नाही म्हणायलाच आले होते. आम्ही फक्त बारमाही वापर असलेली ठिकाणं घेतो, तसा नियम आहे. चार महिन्यांच्या तळ्यावर कायमचा माणूस नेमता येत नाही. पण हे बघा.”

कागदावर आकडे होते. फाटकाजवळ रस्त्यात एक तार पुरलेली होती आणि खांबावर एक करडा डबा होता. वरून गाडी गेली की डबा वेळ नोंदून एक आकडा पुढे सरकायचा. मर्विन दर तीन महिन्यांनी ते आकडे काढून न्यायचा. अर्लिसला तो डबा रोजच्या ओळखीचा होता, पण आत काय लिहिलं जातं हे तिनं कधी पाहिलं नव्हतं.

“डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी,” लिनेट बोट फिरवत म्हणाली, “आठवड्याला सरासरी सात गाड्या. न चुकता. उणे तीसला सुद्धा! मोठ्या तलावाला सोडलं तर या भागात एवढी निष्ठावंत जनता कुठंच नाही. कोण आहेत हो ही माणसं?”

अर्लिस केककडे बघत राहिली. मर्विनही केककडे बघत होता, पण त्याचं कारण वेगळं होतं.

“येतात,” अर्लिस म्हणाली.

“कामाच्या फेऱ्या यातून वजा केल्यात ना?”

“माझ्या नोंदवहीत तसा रकाना आहे,” अर्लिस म्हणाली. “‘कामासाठी झालेल्या फेऱ्या.’ मी नेहमी भरलाय.”

हे खरं होतं. ती कचऱ्याची फेरी लिहायची, डिझेलची लिहायची, महिन्यातून एकदा वाणसामानाची लिहायची. फाटकापर्यंत जाऊन उजवीकडे-डावीकडे बघणं हे काम नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं, त्याचा कुणाला उपयोग नव्हता. जे काम नाही ते कामाच्या रकान्यात लिहिणं म्हणजे काउंटीला फसवणं, असं तिनं पहिल्याच हिवाळ्यात ठरवलं होतं. अति प्रामाणिक माणूस असा खड्ड्यात पडतो. ती निष्ठावंत जनता कोण, हे आता तिला एकटीला कळलं होतं.

लिनेटनं एक कागद पुढे सरकवला. “यावर तुमची सही लागेल. ‘या नोंदी माझ्या माहितीप्रमाणे खऱ्या आहेत.’ सावकाश वाचा, आठवड्यात पाठवा. आणि बाई, आम्ही घेतलं तर जागा तुमचीच. मी बाहेरून माणूस आणणार नाही.”

जाताना मर्विननं उरलेला केक कागदात बांधून घेतला आणि दारात अर्लिसचा खांदा थोपटला. “सुटलीस बघ,” तो म्हणाला.

कागद तीन दिवस टेबलावर राहिला. अर्लिसनं त्यावर मिठाची बरणी ठेवली, मग बरणी काढली. सही केली तर कुणाचं काय बिघडतं? कुणाचंच नाही. राज्याला तलाव मिळतो, उन्हाळी माणसांना त्यांचे तंबू मिळतात, मर्विनची एक कटकट कमी होते. तिनं स्वतःशी हे सगळं मोठ्यानं बोलून पाहिलं. रिकाम्या घरात तिचा आवाज काहीतरी विकायला आलेल्या माणसासारखा लागला. चौथ्या दिवशी तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, पलंगाखालच्या खोक्यातून जुनी दहा काढली, सगळी पिकअपमध्ये टाकली आणि चाळीस मैलांवरच्या मर्विनच्या कचेरीत गेली.

मर्विन सूप पीत होता. त्यानं कॅलेंडरं चाळली. एक महिना वाचला, दुसरा वाचला. ‘कुणी नाही. कुणी नाही. कोल्हा.’ त्यानं चमचा खाली ठेवला.

“अर्लिस, हे काय आहे?”

“तुमची निष्ठावंत जनता.”

त्यानं आणखी एक महिना उलटून पाहिला. मग म्हणाला, “मी तुला विचारलं नव्हतं गं.”

“कागदानं विचारलं.”

“फाडून टाक की ही. कोण बघतंय?”

“मी अकरा वर्षं बघतेय,” अर्लिस म्हणाली. “मर्विन, मला राहायचंय तिथं. फार राहायचंय. पण मी त्या रस्त्यावर जाते ती कुणी आलंय का बघायला. मीच आलेय असं लिहून राहायचं, तर उद्या फाटकापर्यंत कुठल्या तोंडानं जाऊ?”

मर्विननं नाक पुसलं, या वेळी सर्दी नसावी. त्यानं दिवसवार आकड्यांची छापील पानं काढली आणि दोघं वजाबाकीला बसले. ती फुली सांगायची, तो दोन आकडे खोडायचा, एक जाण्याचा, एक येण्याचा. सोमवार, शून्य. मंगळवार, शून्य. बुधवार, शून्य. आपलं आयुष्य असं एकेक दिवस खोडलं जाताना बघणं सोपं नव्हतं. शनिवार, शून्य.

“रविवार?” मर्विन म्हणाला.

“रविवारी मी जात नाही. सुट्टी असते.”

“रविवारी दोन आहेत.”

“डब्याचं चुकलं असेल.”

“पुढच्याही रविवारी दोन. त्याच्या पुढच्याही.” तो पानं उलटत गेला. “ख्रिसमसला सुद्धा. अकरा वाजता आत, बारा वाजता बाहेर. अगं, आठ वर्षं मागेपर्यंत आहे हे.”

अर्लिसनं पान आपल्याकडे ओढलं. कधीमधी सोमवारी फाटकाजवळ चाकांच्या अर्धवट पुसलेल्या खुणा तिनं पाहिल्या होत्या. कालव्याचा माणूस येऊन गेला असेल असं तिला वाटे. “कालव्याचा माणूस?” तिनं विचारलं.

“तो धरणाच्या भिंतीकडून येतो. त्याला वेगळा रस्ता आहे. आणि हिवाळ्यात तो येतच नाही.”

“मग कोण?”

“डबा नाव विचारत नाही,” मर्विन म्हणाला. “एक गाडी. आठवड्याला एक. तेवढ्यावर राज्य काही हा तलाव घेणार नाही, तुला सांगून ठेवतो.”

“माहीत आहे. आणि माझ्या फेऱ्या? त्या कुठल्या रकान्यात?”

“राखणदाराला पाहुणा धरत नाहीत. तसा नियम आहे.”

“सुट्टीच्या दिवशी सुद्धा?”

मर्विननं विचार केला. नियमाच्या बाबतीत तोही तिच्याच जातीचा होता. “सुट्टीच्या दिवशी तू आलीस तर पाहुणीच की. पण तू रविवारी कधी आलीच नाहीस.”

लिनेटचं पत्र दहा दिवसांत आलं. चांगलं पत्र होतं, हातानं लिहिलेलं. खात्याचा निर्णय नाही असा झाला होता. तुमच्यासारखी माणसं मला अजून दोन मिळाली असती तर मी नियम बदलून घेतले असते, असं तिनं शेवटी लिहिलं होतं. अर्लिसनं पत्र दोनदा वाचलं आणि डोरीनला फोन लावला.

“म्हटलं नव्हतं?” डोरीन म्हणाली.

“म्हटलं होतंस. मांजराची पेटी हलव.”

पुढच्या रविवारी ती फाटकाकडे जाणार होती. सकाळपासून बूट घालून बसली, पण वादळ असं आलं की धक्कासुद्धा दिसेना. त्या दिवशी कुणी आलं असेल तर ते वेडं असणार. दुपारी वारा जरा पडला तेव्हा तिला वाटलं, तो आला होता की काय? आठ वर्षं उणे तीसला येणारा माणूस वादळाला भिईल? या विचारानं तिला इतकं एकटं वाटलं की तिनं दिवसाढवळ्या दिवा लावला.

मग एकच रविवार उरला. आकाश निळं, थंडी कडक, तलाव या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरा. ती साडेदहालाच निघाली. उजवीकडच्या जागेत गाडी लावली, पान्यानं पाटीचे बोल्ट सैल केले आणि ती काढली. नाहीतरी परवा ती निघणारच होती. वॉर्निश अजून शाबूत होतं. पाटी हातात घेऊन ती उभी राहिली.

अकराला पाच कमी असताना फाटकातून एक जुनी तपकिरी पिकअप आत आली. तारेवरून गेली. अर्लिस दिसताच थांबली, आणि मागे जायला लागली.

अर्लिस हात हलवत रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

गाडीतल्या म्हाताऱ्यानं काच खाली केली. पंचाहत्तरीचा, दाढी केलेला, कानांवर लोकरी टोपी. “माफ करा बाई,” तो म्हणाला. “आज तुमची सुट्टी. मला वाटलं तुम्ही बाहेर येत नाही रविवारच्या.”

“तुम्ही कोण?”

“चौदा नंबर,” तो म्हणाला. मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन त्यानं टोपी काढली. “ईनार स्कोग्लंड. फर्नचा नवरा.”

चौदा नंबर! लोणच्यातली अंडी. फर्न पत्ते पिसायची तेव्हा शेजारच्या तंबूत ऐकू जायचं, आणि तिचा नवरा मागे खुर्ची टाकून गप्प बसलेला असायचा, झाडासारखा. आठ वर्षांपूर्वी त्या उन्हाळ्यात दोघं आली नाहीत. अर्लिसला वाटलं होतं, मोठ्या तलावावर जायला लागले असतील, सगळे जातात तसे. तिला थोडा रागही आला होता.

“फर्न कशी आहे?” असं विचारतानाच तिला कळलं.

“गेली,” ईनार म्हणाला. “आठ वर्षं झाली, ऑक्टोबरात. तुमच्यावर फार जीव होता तिचा. शेवटी शेवटी म्हणाली, अर्लिसला जाऊन सांगून ये, फोन करू नकोस. मी धान्याच्या कोठारावर कामाला होतो तेव्हा, रविवारच मोकळा. आलो इथवर. ही पाटी होती.” त्यानं तिच्या हातातल्या पाटीकडे हनुवटीनं दाखवलं. “वाचली. म्हटलं, तातडीचं तर काही नाही.”

अर्लिसनं पाटीचं अक्षर आपल्याकडे फिरवलं.

“मग थोडा वेळ बसलो, पाणी बघत. बरं वाटलं. पुढच्या रविवारी परत आलो. म्हटलं, बाई बाहेर दिसल्या तर सांगू. तुमच्या धुराड्याचा धूर दिसतो इथून. धूर आहे म्हणजे ठीक आहेत, असं म्हणायचो आणि जायचो.”

“एखाद्या सोमवारी यायचं होतंत हो.”

“गेल्या वर्षी निवृत्त झालो तेव्हा मनात आलं होतं. पण आठ वर्षांनी कुणाला अशी बातमी द्यायची, ते जरा विचित्र दिसतं. आणि सवय झाली होती.”

अर्लिसनं पाटी आपल्या गाडीच्या मागच्या फळीवर टाकली, वळसा घालून आली आणि त्याच्या शेजारच्या सीटवर चढून बसली. त्यानं विचारलं नाही. थर्मासाचं झाकण एकच होतं. कॉफी आधी तिनं घेतली, मग त्यानं. समोर तो पांढरा तलाव होता आणि दोन मैलांवर तिच्या धुराड्याचा धूर सरळ वर जात होता. इथून तो खरंच दिसत होता. त्या छपराखाली कुणीतरी सुखानं राहत असेल असं वाटत होतं.

फर्नबद्दल ते बोलले. एकवीस नंबरच्या रडणाऱ्या बाईबद्दल बोलले. ती आता आजी झाली होती. बारा वाजले तरी ईनारनं गाडी सुरू केली नाही. साडेबारा झाले.

“परवा कुलूप लागतंय,” अर्लिस म्हणाली. “ऐकलं असेल.”

“पेपरात होतं.”

“रविवारी काय करणार तुम्ही मग?”

ईनारनं झाकण बाहीनं पुसून थर्मासाला नीट फिरवून बसवलं. “मुलगी टूसॉनला असते, ॲरिझोनात. कधीची मागे लागलीय. घर विकलं. गुरुवारी जातोय. आज म्हटलं, शेवटचा धूर बघून येऊ.” त्यानं थर्मास सीटखाली सरकवला. “तिकडे बर्फ नसतो म्हणे.”

“नसतो,” अर्लिस म्हणाली. तिला रडू आलं, आणि तिनं ते लपवलं नाही. ईनार समोर बघत बसून राहिला, चौदा नंबरच्या तंबूमागे बसायचा तसाच. थोड्या वेळानं त्यानं आपली टोपी तिच्या मांडीवर ठेवली, तिच्याकडे रुमाल नव्हता म्हणून.

तो गेला तेव्हा एक वाजला होता. तिनं गाडी फाटकाच्या बाहेर जाऊन दिसेनाशी होईपर्यंत पाहिली. या वेळी एका बाजूलाच बघायचं होतं.

एकतीस तारखेला मर्विन खांबावरचा डबा काढायला आला. अर्लिसचं सामान पिकअपमध्ये बांधून झालं होतं, पाटी सगळ्यात वर. थंडीनं बधिर झालेल्या बोटांनी मर्विननं शेवटचे आकडे उतरवले आणि नियमाप्रमाणे तिच्या वहीशी ताडून पाहायला लागला.

“हे जुळत नाही,” तो म्हणाला. “रविवारी डब्यात एकच गाडी आहे, आत आली, बाहेर गेली. तू वहीत लिहिलंयस, पाहुणे दोन.”

“हो.”

“गाडीत दोघं होती?”

“येताना एक होता.”

“मग दुसरं कोण?”

अर्लिसनं फाटकाची किल्ली त्याच्या हातात ठेवली.

“मी,” ती म्हणाली. “माझी सुट्टी होती.”